एका डिशवरची दोन घरे

११ जानेवारी, रविवार

आज निलेश येऊन गच्चीवर डिश बसवून गेला. केबलवाल्याने धंदा बंद केल्यापासून दोन्ही घरांतले टीव्ही मुके होते. दोन घरे म्हणजे भिंत एकच. पुढच्या तीन खोल्या आमच्या, मागच्या दोन शेवंतीवहिनींच्या. भावोजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, वारल्यापासून वहिनी मागे एकट्या असतात. चूल वेगळी, अंगण आणि तुळस सामाईक. त्यांची एकुलती मुलगी तेजस्विनी पेडण्याला दिलेली.

डिश एकच घेतली. तिची तार एका लहानशा धातूच्या डबीत येते आणि तिथून दोन तारा फुटतात, एक आमच्याकडे, एक वहिनींकडे. निलेश शिडीवरून मला समजावत होता, "बाई, ह्या तोंडातसून तुमच्या बॉक्सचो करंट वर डिशीक जाता. वैनीच्या तोंडातसून करंट जाय ना, फकत चित्र येता. दोनूय वाटांनी जाता तसली डबी आता माझ्याकडे नाय. मेळ्ळी की बदलतलो."

मी "बरे, बरे" म्हटले. माझे लक्ष आत शिजणाऱ्या भाताकडे होते.

वहिनींचा टीव्ही लागला तेव्हा त्यांनी पडद्याला हळदकुंकू लावले. हे हसले. "वैनी, टीव्ही तो, गाय न्हय!"

"गाय दूध दिता, हो सोबत दिता," वहिनी म्हणाल्या. "तू तुजा काम कर, कृष्णा."

१५ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळचे साडेसात वाजले की आमची सेजल पुस्तक मिटते आणि मागे वहिनींकडे पळते. दोघी मिळून ती मालिका बघतात, ज्यात एक बाई सगळ्या घराला छळते आणि तरी तिचे केस विस्कटत नाहीत. वहिनी पडद्याशी भांडतात. "अगो रांडे, त्या दुधाक हात लावू नको!" असे ओरडतात आणि सेजल खिदळते. भिंतीतून सगळे ऐकू येते.

आमच्याकडेही तीच मालिका लागते. मी लावून बसते. एकटीला तिच्यात हसण्यासारखे काही सापडत नाही. हे साखळीच्या बाजारातले भांडार बंद करून येईपर्यंत साडेआठ होतात.

सेजलला तेरावे लागले. माझ्याजवळ बसून ती शेवटची कधी एवढी हसली, ते आठवायचा प्रयत्न केला. शाळेत मी चाळीस मुलांना हसवते.

१९ जानेवारी, सोमवार

आज मालिका बघावीशी वाटली नाही. भिंतीवरचे बटण बंद केले आणि उद्याच्या तक्त्याला रंग द्यायला बसले. वापर नसला की बटण बंद करायचे, ही माझ्या आईची शिस्त.

तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज, "गेला! खय गेला गो?" सेजल थोडा वेळ तिथेच खटपट करत होती. मग परत आली. "थोरलीआईचा टीव्ही गेला. सिग्नल नाही म्हणतो."

ती माझ्याजवळ बसली. आम्ही दोघींनी तक्ता रंगवला. आंब्याला तिने जांभळा रंग दिला आणि म्हणाली, "आमच्या बाई ओरडतील, पण तू नाही ना ओरडणार?" मी नाही ओरडले. मग घावणे केली. फार दिवसांनी चांगली संध्याकाळ गेली.

२० जानेवारी, मंगळवार

मला कळले. आज बटण बंद केले आणि मागे लगेच गडबड. चालू केले, तर वहिनी म्हणाल्या, "इला, इला!" निलेश शिडीवरून काय सांगत होता ते आता डोक्यात शिरले. आमचा बॉक्स बंद झाला की डिशच बंद. वहिनींचा टीव्ही आमच्या बटणावर चालतो.

ह्यांना सांगायला हवे. उद्या सांगेन.

२४ जानेवारी, शनिवार

सांगितले नाही. आज साडेसातला मी बटण बंद केले. चुकून नव्हे.

सेजल दहा मिनिटांत परत आली. मी तिच्या केसांना तेल लावले. ती डोळे मिटून बसली होती. तिला वाटले असेल, आईला आज वेळ आहे.

हे लिहिले नाही तर उद्या मी स्वतःलाच सांगेन की चुकून झाले. म्हणून लिहिते.

३० जानेवारी, शुक्रवार

ह्या आठवड्यात तीनदा. रोज करत नाही. रोज केले तर कळेल. एवढा हिशेब मी करते आहे, हे लिहिताना कान गरम होतात.

आज बटण बंद केले तेव्हा सेजल तिथेच थांबली. गप्पा मारायला लागली असावी. मग वहिनींचा आवाज आला, "जा गो तू. आई एकटी आसा. तिच्यावांगडा बस." थोड्या वेळाने सेजल मिश्र भाज्यांच्या खतखत्याची वाटी घेऊन आली. "थोरलीआईने तुला दिले. म्हणाली, तुझे काम आटोपले असेल तर गरम गरम खा."

मला ते झोंबले. आई एकटी आहे म्हणे! माझी कीव करायला मी काय त्यांच्यासारखी आहे? खतखते मात्र खाल्ले. तिरफळ बरोबर पडले होते.

४ फेब्रुवारी, बुधवार

वहिनींनी निलेशला बोलावले. तो दुपारी आला. दुपारी आमचा बॉक्स चालू असतो, शाळेतून आल्यावर मी बातम्या लावते. त्यामुळे वहिनींचा टीव्ही ठणठणीत. निलेशने तारा बघितल्या, गच्चीवर जाऊन आला, मग आमच्या दारात उभा राहून विचारले, "बाई, सांजचो तुमी बॉक्स बंद करतात काय?"

वहिनी त्याच्या मागे अंगणात उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटले. "चालूच असतो."

निलेश वळला आणि हसला. "मगे वैनी, तुमीच खंयचा तरी बटण दाबतात! रिमोट उलटो तर धरनात मगो?"

शेजारची रुक्मिणी दोरीवरचे कपडे काढत होती, तीही हसली. मग वहिनीही हसल्या. "आसात बाबा. म्हातारपण इला आता."

त्रेसष्ट वर्षांच्या आहेत त्या. अजून स्वतः काजूच्या बिया गोळा करून भाजतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कोणी काय नेसले होते ते सांगतात. त्या हसल्या तेव्हा मी दाराची कडी धरून उभी होते. कडी अजून हातात आहे असे वाटते.

९ फेब्रुवारी, सोमवार

पसऱ्यावर, वाड्यावरच्या दुकानात, साखर आणायला गेले, तर पसरकार म्हणाला, "बाई, तुमच्या वैनीक रिमोट कळना असा आयकला." निलेशने गंमत म्हणून सांगितले असणार. गंमत सगळ्या वाड्यावर फिरली. मी साखर घेतली. "तसे काही नाही," एवढे म्हणायला तोंड उघडले आणि सुटे पैसे मागितले.

घरी आले तर हे तेजस्विनीशी फोनवर बोलत होते. "नाय गो, तब्येत बरी आसा. पण हल्ली जरा घोळ करता. टीव्हीसुद्धा लावूक येय ना." ह्यांना वहिनींची माया आहे. काळजीनेच बोलत होते. मी ओट्याशी उभी राहून ऐकले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज शाळेतून आल्यावर गच्चीवर गेले. डबीवरच्या दोन्ही तारा पिळून काढल्या आणि अदलाबदल केली. आता वहिनींच्या बॉक्सचा करंट डिशला जातो, आणि आमचा टीव्ही त्यांच्या बटणावर चालतो.

माझा हात आता त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून केले. आणि खरे सांगायचे तर, त्यांनी कधीतरी बटण बंद करावे आणि आमचा पडदा काळा व्हावा, असेही वाटले. झोपताना सगळी बटणे बंद करायची त्यांना भावोजींपासूनची सवय आहे.

उतरताना शिडी हलली. खाली बघितले तर वहिनी दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या.

"पडशीत गो. सावकाश."

"टाकी बघायला गेले होते," मी म्हटले.

"भरली आसा?"

"हो."

त्यांनी मी पाय टेकेपर्यंत शिडी सोडली नाही. माझ्या हाताला तारेचे काळे लागले होते. त्या म्हणाल्या, "हात धुवन घे," आणि गेल्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आमचा टीव्ही बंद पडला नाही. काल सकाळी सहालासुद्धा लागला, आज पहाटेही. निलेशचे सांगणे चुकीचे असेल, किंवा वहिनी बटण बंद करायला विसरत असतील. खरेच विसरत असतील का? मग मी जे केले ते फारसे... नाही. हे वाक्य मी पुरे करणार नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

तेजस्विनी आणि तिचा नवरा परेश गाडी घेऊन आले. जेवण झाल्यावर ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. भांडी पुसत पुसत म्हणाली, "काकी, एक खरे सांग. परेश म्हणतात आईला एकटी ठेवू नको. गॅस चालू राहिला म्हणजे? आई म्हणते तिला काही झालेले नाही. तू रोज बघतेस. तू सांगशील ते मी धरीन. विसर पडतो काय तिला?"

मी पेला धूत होते. त्याला साबण लावला, धुतला, पुन्हा साबण लावला.

"वय झाले आता," मी म्हटले.

एवढेच. तीन शब्द. मी खोटे बोलले नाही, असे रात्रीचे जेवण वाढताना मनात घोळवून बघितले. घशाखाली उतरले नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वहिनींना नेले. महिनाभर म्हणतात, पण दोन गाठोडी आणि भावोजींचा फोटो गाडीत गेला. महिनाभरासाठी कोण फोटो नेतो?

तेजस्विनी म्हणाली, "काकी, खोल्या बंद ठेवू नका. पुढे सेजलला अभ्यासाला वापरा." चांगल्या मनाने म्हणाली. सेजल रडत होती. ह्यांनी गाडीत पाण्याची बाटली दिली, दोनदा दिली.

वहिनींनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "माजरेक दूध घाल. नि आतल्या बटणांक कोणी हात लावू नका, सांगून दवरतंय."

माझ्यावर त्यांचा भरवसा नाही, असे मला वाटले. आणि का असावा?

मला वाटले होते, त्या कुलूप लावून गेल्या की आमचा टीव्ही बंद पडेल, निलेश येईल, तारा बघेल आणि सगळे आपोआप बाहेर येईल. मला तोंड उघडावे लागणार नाही. संध्याकाळी ह्यांनी टीव्ही लावला. बातम्या लागल्या. स्वच्छ.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मांजरीला दूध घालायला वहिनींच्या खोलीत गेले. खिडकी बंद, म्हणून अंधार होता. सगळे झाकून ठेवलेले. मिक्सरचे बटण बंद, पंख्याचे बंद, फ्रीज रिकामा करून दार उघडे टाकलेले, आत लिंबू चिरून ठेवलेले. विसर पडणारी बाई अशी निघत नाही. टीव्हीवर भरतकामाचा रुमाल. आणि त्याच्या खाली बॉक्सचा हिरवा दिवा चालू.

बटणाला चिकटपट्टी लावली होती, कोणी चुकून दाबू नये म्हणून.

मी बराच वेळ तिथल्या एका कदेलीवर, जुन्या खुर्चीवर, बसले. मांजर पायात घोटाळत होती. तिला दूध घालायचे राहिलेच, मग आठवले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे जाऊन फोन केला. वहिनींनीच उचलला.

"वैनी, बॉक्स चालू आसा तुमचो."

"आसू दी. बंद केलो तर तुमचो बंद जातलो. कृष्णा निलेशाक बोलवतलो. तो वयर चढलो तर तारो बघतलो." थोडे थांबून म्हणाल्या, "मगे तुका विचारतले."

मी पायरीवर बसले. "तुमका कधी कळला?"

"पयल्याच आठवड्यात. तुमचो टीव्ही गप जाता नि त्याच घडयेक माजो मरता. भिंत एकच गो. तुका माजो आवाज आयकाक येता, तसो माका तुजो येना? नि तारांचा तुज्या हातावयल्या काळ्यान सांगला."

"मग बोलला कित्याक नाय?"

"काय बोलू? चेडू तुजा. रोज सांजची माज्याकडे बसता नि तू थय एकटी. माकाच बरा दिसा नव्हता. तू सांगलं आसतंस तर मीच धाडलंय असतंय तिका. धाडलंयसुद्धा."

"आणि निलेश हसला तेव्हा?"

"हसलो तर हसलो. त्याका काय कळता?"

"आणि तेजू न्यायला आली तेव्हा?"

फोनवर पेडण्याच्या घरातले कोंबडे ऐकू येत होते. कोणीतरी बादली ओढत नेली.

"तेव्हा वाटला," वहिनी म्हणाल्या, "आता तरी तू सांगशीत."

शाळेची घंटा झाली. "जा," त्या म्हणाल्या, "पोरां वाट बघतत."

२१ फेब्रुवारी, शनिवार

सांगितले नाही. ह्यांनी दोनदा विचारले, बरे नाही काय. सेजल मागच्या पायरीवर मांजर घेऊन बसते. मालिका बघत नाही. तिची संध्याकाळ मला मिळाली, ती अशी.

२२ फेब्रुवारी, रविवार

हे टीव्हीसमोर बसले होते, सेजल तिथेच वही घेऊन. मी किल्ली घेतली आणि मागे गेले. चिकटपट्टी काढली. बटण बंद केले. हिरवा दिवा विझला.

भिंतीपलीकडून ह्यांचा आवाज आला, "आता गेला आमचा! वैनी नाय तरी भूत आसा मगो हंय!"

मी पुन्हा चालू केले. "इला!" पुन्हा बंद केले. मग घरी येऊन दारात उभी राहिले आणि म्हटले, "मी केले."

हे हसायला लागले होते. मी सगळे सांगितले. कुठल्या तारखेपासून, ते ह्या वहीत बघून सांगितले, नाहीतर मी कमीच सांगितले असते. निलेशला काय म्हटले, तेजस्विनीला काय म्हटले. शिडी कोणी धरली.

हे किती वेळ रिमोट हातात फिरवत होते. "वैनीक मी घोळ करता म्हटलंय," एवढेच बोलले. माझ्यावर ओरडले असते तर बरे झाले असते.

सेजल म्हणाली, "तेल लावलेस त्या दिवशी पण?"

"हो."

ती उठून आत गेली.

तेजस्विनीला मीच फोन केला. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "काकी, मी तुला विचारले होते." मी हो म्हटले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पसरकाराला सांगितले. रुक्मिणीला सांगितले. निलेशला बोलावून सांगितले, त्याने मान खाली घातली, जसे काही चूक त्याचीच. "दोनूय वाटांची डबी आसा आता माझ्याकडे," म्हणाला आणि वर चढला. शिडी मी धरली.

शाळेत मुलांना खरे बोलण्याचा धडा आहे. तो मी पुढच्या आठवड्यावर ढकलला.

१ मार्च, रविवार

वहिनी आल्या. तेजस्विनी सोडायला आली होती, माझ्याकडचा चहा तिने घेतला नाही. ते बरोबरच केले. भावोजींचा फोटो वहिनींनी जुन्या खिळ्याला लावला आणि मग फ्रीजमधले वाळलेले लिंबू टाकले.

मी पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "उठ गो. माजरेन कितकी पिल्लां घातली ता सांग."

"तिने पिल्ले नाही घातली."

"नाय? मगे इतकी सुटली कशी? दूध जास्त घातलंस तू."

साडेसातला सेजल माझ्याकडे न बघता मागे गेली. अजून माझ्याशी कामापुरतीच बोलते. मालिका सुरू झाली. माझा हात सवयीने भिंतीवरच्या बटणाकडे गेला आणि मी ते बंद केले. मागे काही झाले नाही. नवी डबी आहे. वहिनी ओरडतच होत्या, "आता हिका कोणतरी धरा रे!" आणि सेजल हसली, थोडीशीच.

मी खोलीच्या मध्यभागी उभी होते. मागच्या टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग भिंतीपलीकडून वहिनींची हाक आली.

"जानकी, येतंस तर कदेल घेवन ये. हय दोनच आसत."

स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि अंगणातून घेऊन गेले. दारात पोचले तेव्हा सेजलने पडद्यावरची नजर काढली नाही. पण तिने आपली खुर्ची एका हाताने थोडी सरकवली, एक माणूस मावेल एवढी.